जुन्या ऐरणीची ओळख आणि पारख : इंग्रजी व अमेरिकन ऐरणींच्या पुराव्याचा विचार

१

लोहाराच्या साधनांमध्ये ऐरण हे सर्वांत टिकाऊ साधन होय. हातोड्याचा दांडा बदलतो, भात्याचे कातडे कुजते, सांडशी झिजून मोडीत निघते. ऐरण मात्र तीन-तीन पिढ्यांचे घाव सोसूनही उभी राहते. परंतु या टिकाऊपणामुळेच तिचा इतिहास शोधणे अवघड होते. जी वस्तू लवकर नष्ट होते, ती बहुधा आपल्या काळाच्या व स्थळाच्या आसपासच सापडते. ऐरण तशी नाही. दुकान बंद पडले की ती विकली जाते, एका धन्याकडून दुसऱ्याकडे जाते आणि अखेर आपल्या जन्मस्थानापासून शेकडो मैलांवर, कोणत्याही कागदपत्राविना, एखाद्या शेतघरात किंवा लिलावात दृष्टीस पडते. तिच्याविषयी जे काही जाणून घ्यावयाचे ते तिच्या अंगावरूनच वाचावे लागते.

हा प्रश्न केवळ संग्राहकांच्या कुतूहलाचा राहिलेला नाही. मोटारीच्या प्रसाराबरोबर घोड्याच्या नालांचे काम घटले, कारखान्यांतून तयार सुटे भाग मिळू लागले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेतील घडीव ऐरणींचा मोठा उद्योग ओसरत गेला. शेफील्डनजीकच्या ‘माउसहोल’ भट्टीचे काम १९३० नंतरच्या दशकात थांबले. ब्रुकलिनच्या ‘हे-बडन’ कारखान्याचा कारभार त्यापूर्वीच आटोपला होता. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात हस्तकला म्हणून लोहारकामाचे पुनरुज्जीवन झाले. १९७३ साली जॉर्जिया राज्यातील लम्पकिन येथे ‘आर्टिस्ट-ब्लॅकस्मिथ्स असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका’ ही संस्था स्थापन झाली, ही या पुनरुज्जीवनाची ठळक खूण होय. याचा परिणाम असा झाला की, हा व्यवसाय नव्याने शिकू पाहणारा मनुष्य बहुधा शंभर वर्षांची जुनी ऐरण विकत घेऊ लागला. तिचे मूळ कोणते आणि ती कामाला योग्य आहे काय, असे दोन प्रश्न त्याच्यापुढे येतात. पहिला प्रश्न इतिहासाचा आणि दुसरा कारागिरीचा, अशी त्यांची विभागणी सामान्यतः केली जाते. पुरावा तपासला असता ही विभागणी टिकत नाही, हेच येथे दाखवावयाचे आहे.

२

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ऐरण म्हटले की बहुधा लाकडी ओंडक्यात रोवलेला लहानसा चौरस ठोकळा उभा राहतो. इंग्लंडात जी घडण रूढ झाली आणि ‘लंडन घाट’ या नावाने ओळखली जाऊ लागली, ती याहून वेगळी आहे. तिच्या वरच्या सपाट भागास माथा म्हणता येईल. माथ्याच्या एका टोकास निमुळते गोल शिंग आणि दुसऱ्या टोकास पुढे आलेली टाच असते. शिंग व माथा यांच्यामध्ये माथ्याहून किंचित खालच्या पातळीवर एक लहान पायरी असते. मध्यभागी अंग आवळून कंबर होते व खाली पाय पसरतात. टाचेजवळ माथ्यात एक चौकोनी आणि एक लहान गोल छिद्र असते. पहिले अवजारांची बुडे बसविण्यासाठी, तर दुसरे मुख्यतः नालांना व पट्ट्यांना भोके पाडताना सुंभ्याला वाट मिळावी म्हणून.

या रचनेतील महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना सहजासहजी दिसत नाही. अशा ऐरणीचे अंग मऊ परंतु चिवट अशा घडीव लोखंडाचे असे आणि माथ्यावर पोलादाची पाटी भट्टीत तापवून, ठोकून सांधलेली असे. नंतर त्या पाटीस पाणी देऊन ती कठीण केली जाई. शिंग आणि पायरी यांवर पोलाद नसे. म्हणूनच छिन्नीने तोडावयाचे काम पायरीवर करण्याचा प्रघात पडला, कारण मऊ लोखंडावर छिन्नीची धार जात नाही. पोलाद महाग आणि लोखंड तुलनेने स्वस्त असलेल्या काळातील ही काटकसर होती. परंतु तिच्यामुळे चिवट अंग व कठीण माथा असा गुणांचा संयोगही साधला गेला. जोसेफ मॉक्सन याने १६७७ साली लोहारकामाचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात माथा सपाट, निर्दोष आणि कानस लागणार नाही इतका कठीण असावा, अशी अपेक्षा नमूद केलेली आहे. तेथून पुढच्या अडीचशे वर्षांत घाट बदलला, कारखाने बदलले. माथ्याकडून असलेली अपेक्षा मात्र बदलली नाही.

म्हणून कोणत्याही जुन्या ऐरणीच्या परीक्षेत मध्यवर्ती प्रश्न या पोलादी पाटीचा असतो. ती मूळची आहे काय, तिची जाडी किती उरली आहे, सांधा शाबूत आहे काय आणि तिचे पाणी टिकले आहे काय, या चार गोष्टींवर ऐरणीची उपयुक्तता अवलंबून असते. तिच्या पूर्वचरित्राचा बराचसा भागही याच चार गोष्टींत साठविलेला असतो.

३

ओळखीचा पहिला पुरावा म्हणजे ऐरणीच्या कुशीवरील ठसे. त्यांत निर्मात्याचे नाव व वजनाचे अंक ही दोन अंगे प्रमुख. इंग्रजी ऐरणींवर वजन बहुधा हंड्रेडवेट पद्धतीने तीन सुट्या अंकांत दिलेले असते. पहिला अंक ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटांचा, दुसरा २८ पौंडांच्या पाव हंड्रेडवेटांचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा. यावरून, १·१·२१ असा ठसा असल्यास ११२ अधिक २८ अधिक २१, म्हणजे १६१ पौंड किंवा सुमारे ७३ किलोग्रॅम वजन निघते. या पद्धतीत दुसरा अंक तीनहून आणि तिसरा सत्तावीसहून मोठा असू शकत नाही. तसा आढळल्यास ते हंड्रेडवेटचे माप नव्हे, हे उघड होते.

तथापि या वाचनात एक फसगत संभवते. हे-बडनसारखे अमेरिकन कारखाने वजन सरळ पौंडांत ठोकीत. तेव्हा एखाद्या झिजलेल्या ऐरणीवर नाव पुसले जाऊन १, २ आणि ५ एवढेच अंक उरले असतील, तर ते अमेरिकन रीतीने १२५ पौंड होतात आणि इंग्रजी रीतीने १७३ पौंड. अक्षरांकडे कितीही वेळ पाहिले तरी हा वाद मिटत नाही. तो तराजूवर मिटतो. काटा ५७ किलोग्रॅमांच्या आसपास थांबला तर अमेरिकन वाचन खरे आणि ७८ च्या आसपास थांबला तर इंग्रजी. दोहोंपैकी कोणत्याही वाचनाशी वजन जुळत नसेल, तर दुसरा प्रश्न उपस्थित होतो : टाच तुटली आहे काय, पाटी उडाली आहे काय, किंवा कोणी तिचा माथा कापून काढला आहे काय? अशा रीतीने एकाच वजनातून ऐरणीचे मूळ आणि तिची सद्यःस्थिती या दोहोंचा निर्देश मिळतो.

नावांच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. ‘ट्रेंटन’ हे नाव समभुज चौकटीत ठोकलेली ऐरण न्यू जर्सीतील ट्रेंटन शहरी घडली असावी, असा तर्क सहज होतो. प्रत्यक्षात या नावाच्या अमेरिकन ऐरणी ओहायो राज्यातील कोलंबस येथे ‘कोलंबस फोर्ज अँड आयर्न’ या कंपनीने तयार केल्या. उलटपक्षी, ज्या ऐरणी खरोखर ट्रेंटन शहरात झाल्या, त्या ‘फिशर अँड नॉरिस’ यांच्या, आणि त्यांच्यावर गरुडाची आकृती असते. व्यापारी नाव आणि स्थलनाम एकच मानण्याचा दोष शिलालेखांच्या वाचनात जितका घातक, तितकाच येथेही.

काळ ठरविण्यास काही ठसे प्रत्यक्ष साहाय्य करतात. विल्यम फॉस्टर याच्या ऐरणींवर नावासोबत वर्षही ठोकलेले आढळते. हे-बडनच्या ऐरणींवर पुढच्या पायावर अनुक्रमांक असतो. अशा अनुक्रमांकांची वर्षवार जुळणी रिचर्ड पोस्टमन यांनी ‘अँव्हिल्स इन अमेरिका’ या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली आहे. डडलीच्या पीटर राइट याच्या ऐरणींवर ‘भरीव घडीव’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे वर्तुळाकार ठोकलेली असतात. काहींवर त्याखेरीज ‘इंग्लंड’ हा शब्दही असतो. या शब्दाचे कारण अमेरिकेच्या जकातीच्या इतिहासात सापडते. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव असणे आवश्यक केले आणि ही अट १८९१ पासून अमलात आली. म्हणून ‘इंग्लंड’ असा ठसा असलेली ऐरण बहुधा त्या वर्षानंतरची मानावी लागते. परंतु याच्या उलट अनुमान करता येत नाही. ज्या ऐरणी इंग्लंडातच विकल्या गेल्या त्यांना तो शब्द आवश्यक नव्हता. सबब तो नसणे हा प्राचीनतेचा पुरावा ठरत नाही. पुराव्याचे असणे आणि नसणे यांचे मोल सारखे नसते, या नियमाचे हे चांगले उदाहरण होय.

४

ठसे पुसले गेले असता घडणीकडे वळावे लागते. अठराव्या शतकातील इंग्रजी ऐरणीचे अंग ठोकळ्यासारखे, शिंग आखूड व टाच तोकडी असते; कंबर क्रमाक्रमाने आवळत गेली आणि शिंग व टाच लांबत गेली. सुंभ्याचे गोल छिद्र साधारणतः १८३० च्या सुमारापासून रूढ झाले असे मानतात. ते मुळात नसल्यास ऐरण त्यापूर्वीची असण्याचा संभव वाढतो. मात्र जुन्या ऐरणीस नंतर छिद्र पाडून घेतले जाणे अशक्य नाही. अशा छिद्राच्या कडा व आतील पृष्ठभाग बाकीच्या अंगाशी जुळत नाहीत. कंबरेत व बुडाशी जी चौकोनी खोबणवजा भोके दिसतात, ती तापलेला जड गोळा घणाखाली फिरविण्यासाठी लोखंडी दांडे खोवण्याची जागा होत. ती बहुधा घडाईची साक्ष देतात. पीटर राइटच्या ऐरणींच्या पुढच्या व मागच्या पायांवर लहान सपाट कट्टे असतात. नाव नाहीसे झाले तरी या खुणेवरून तर्क करता येतो.

अक्षरांचा प्रकारही बोलका असतो. घडीव ऐरणीवर अक्षरे ठोकून आत बसविलेली, तर ओतीव ऐरणीवर ती बहुधा साच्यातून वर उठलेली असतात. परंतु उठावाची अक्षरे दिसताच ऐरण टाकाऊ ठरविणे हा घाईचा निर्णय होईल. संपूर्ण बिडाची स्वस्त ऐरण, पोलादी माथ्याची बिडाची ऐरण आणि संपूर्ण ओतीव पोलादाची ऐरण हे तीन निरनिराळे प्रकार आहेत. पहिली घावाखाली चेपते किंवा फुटते व शिकाऊ लोहाराच्या फारशी कामाची नसते. दुसऱ्या प्रकारात मार्क फिशर याने १८४७ साली घेतलेले पेटंट महत्त्वाचे आहे. त्याच्या पद्धतीत पोलादी पाटी साच्याच्या तळाशी ठेवून वर बिडाचा रस ओतला जाई आणि दोहोंचा सांधा ओतण्यातच होई. तिसऱ्या प्रकारात स्वीडनच्या ‘कोल्स्वा’ या नावाच्या ऐरणी विशेष प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांतील ऐरणी घडीव ऐरणींच्या तोडीचे काम देतात.

५

यानंतर धातूची प्रत्यक्ष परीक्षा येते. लोकप्रिय परीक्षा नादाची आहे : हलक्या हातोड्याने माथ्यावर टिचकी मारावी, खणखणीत नाद निघाला तर ऐरण चांगली, बद्द आवाज आला तर खराब. घडीव ऐरणीपुरता हा नियम बराचसा खरा आहे. सांधा सुटला असेल किंवा अंगात तडा असेल तर नाद मरतो. परंतु सर्व ऐरणींना तो लावला असता अन्याय होतो. फिशरची ऐरण बिडाच्या अंगामुळे मुळातच नादत नाही. घराशेजारी काम करणाऱ्यास तोच तिचा गुण वाटतो. ओतीव पोलादाची स्वीडिश ऐरण घंटेसारखी वाजते. एकच ऐरण मोकळी असता वाजते आणि साखळीने ओंडक्याला आवळली असता मुकी होते. तात्पर्य, नादाचा अर्थ लावण्यापूर्वी ऐरण कोणत्या जातीची आहे हे ठरलेले असावे लागते. ओळख आधी, पारख नंतर.

उसळीची परीक्षा याहून अधिक विश्वसनीय आहे. पोलादाची गोळी दहा इंचांवरून माथ्यावर सोडावी व ती किती उंच परतते ते पाहावे. कठीण पृष्ठभाग घावाची शक्ती परत देतो, मऊ पृष्ठभाग ती गिळतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी धातूचा कठीणपणा मोजण्यासाठी आल्बर्ट शोर याने जे यंत्र तयार केले, ते याच तत्त्वावर चालते. व्यवहारातील अजमास असा की, गोळी सात-साडेसात इंचांवर परतली तर माथा चांगला, पाचाच्या खाली राहिली तर संशयास्पद. मात्र ही परीक्षा एकाच जागी करून भागत नाही. कंबरेच्या बरोबर वर, टाचेवर, छिद्रांच्या जवळ आणि दोन्ही कडांवर ती करावयास हवी. सर्वत्र उसळी चांगली असून एकाच ठिकाणी ती एकदम मंदावत असेल, तर तेथे पाटी अंगापासून सुटली असण्याचा संभव असतो. सर्वत्रच ती मंद असेल आणि कानस माथ्यात सहज रुतत असेल, तर पाणी उतरले आहे असे समजावे.

पाणी उतरण्याचे एक कारण इतिहासकाराला विशेष महत्त्वाचे वाटावे असे आहे. लोहाराची दुकाने लाकडी असत आणि त्यांना आग लागे. अशा आगीत सापडलेली ऐरण वितळत नाही, वाकत नाही, तिचे ठसेही शाबूत राहतात. परंतु मंदपणे तापून मंदपणे निवाल्यामुळे तिच्या माथ्याचा कठीणपणा नाहीसा होतो. अशी ऐरण दिसण्यात निर्दोष असते. नावावरून ती ओळखता येते, वजन तंतोतंत जुळते, कडाही धारदार असतात, आणि तरीही ती लोहाराच्या उपयोगाची नसते. गोळी आणि कानस यांखेरीज तिचे हे दुखणे उघड होत नाही.

६

झीज आणि दोष यांत भेद करणे हे पारखीतील शेवटचे व बहुधा सर्वांत कठीण काम होय. शिकाऊ माणसाचे डोळे प्रथम कडांवर जातात. तुटलेल्या कडा खरोखर दोषास्पद असतात. परंतु काही इंच कड सरळ उरली असेल तर पुष्कळ कामे निभतात. गोलावलेली कड तर अनेकदा मुद्दाम केलेली असते, कारण तीक्ष्ण कडेवर वाकविलेल्या लोखंडात चीर पडते. माथ्याला मध्ये आलेला थोडा खोलगटपणाही घातक नाही. वाकडी सळई सरळ करताना तिला किंचित उलट बाक द्यावा लागतो व तेथे हा खोलगटपणा उपयोगी पडतो. पायरीवरील छिन्नीचे घाव हे तर तिच्या नित्यकर्माचेच लेख आहेत. याउलट, पाटी व अंग यांच्यामधील सांध्यावर दिसणारी बारीक रेघ उघडी पडली असेल आणि तिच्यात पातळ पाते शिरत असेल, तर बाकी सर्व गुण असूनही व्यवहार थांबविणे श्रेयस्कर.

येथेच ऐरणीच्या आधुनिक शत्रूचा विचार करावा लागतो. खोलगट व खरचटलेला माथा पाहून नवा मालक ती यंत्रशाळेत नेतो आणि माथा कापून आरशासारखा सपाट करून घेतो. विक्रेतेही भाव वाढविण्यासाठी असे करतात. मूळ पाटी बहुधा अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीची असते आणि तिचा पूर्ण कठीण झालेला भाग त्याहूनही उथळ. त्यातून दोन-तीन मिलिमीटर कापले गेले की शंभर वर्षे वापरूनही झाली नसती एवढी हानी एका दुपारी होते. सुदैवाने हे कृत्य लपत नाही. ज्या ऐरणीवर सांध्याची रेघ कुशीवरून दिसते, तेथे तिची माथ्याशी तुलना करावी. माथा मध्ये खोल आणि रेघ सरळ असेल तर ती वापराची झीज होय. माथा आणि रेघ दोन्ही एकाच बाकाने खाली गेली असतील तर पाटीखालचे मऊ लोखंड दबले आहे. पाटी मात्र पुरी आहे. परंतु माथा सपाट असून रेघ मध्ये वाकलेली असेल, तर खाली दबलेल्या ऐरणीचा माथा कोणीतरी कापला आहे, आणि टाचेकडे पाटी सर्वांत पातळ झाली आहे. पायरी व माथा यांच्या पातळीतील अंतर नेहमीपेक्षा कमी भरणे हेही त्याचेच लक्षण. वजन ठशातील अंकांहून कमी भरल्यास हा निष्कर्ष आणखी बळकट होतो.

या विवेचनावरून परीक्षेचा क्रम आपोआप निश्चित होतो. प्रथम ठसे व घडण यांवरून जात ठरवावी. मग वजन करून ठशाशी ताडावे. त्यानंतर सांधा, नाद, उसळी व कानस या क्रमाने माथा तपासावा. आणि सर्वांत शेवटी कडांचा व बाह्य सौंदर्याचा विचार करावा. वजनाच्या बाबतीत हातोड्याच्या सुमारे पन्नासपट ऐरण असावी, हा लोहारांचा स्थूल नियम आहे. दोन पौंडांचा हातोडा वापरणाऱ्या नवशिक्यास त्यानुसार शंभर पौंडांची ऐरण पुरते. दोन-अडीचशे पौंडांसाठी अडून बसण्याचे कारण नाही. किमतीत नावाला मोल असतेच, परंतु प्रसिद्ध नावाच्या भाजलेल्या ऐरणीपेक्षा अनामिक परंतु उसळी देणारी ऐरण अधिक मोलाची. गंज तारेच्या ब्रशाने काढावा, जेणेकरून पुसट अंक वाचता येतील; फिरत्या सहाणेचा स्पर्श कुशीला व माथ्याला होऊ देऊ नये. आणि कठीण माथ्यावर हातोड्याचा उघडा जोरदार घाव परीक्षेसाठीही घालू नये, कारण उडालेला कपचा डोळ्यात जाऊ शकतो.

७

संग्राहकाला ऐरणीचे जे अंग मूळ स्थितीत हवे असते, तेच अंग लोहाराला शाबूत हवे असते, असा या सर्व विचाराचा निष्कर्ष निघतो. मूळची पाटी, तिची जाडी, तिचा सांधा आणि तिचे पाणी यांत लोखंड व पोलाद यांच्या तत्कालीन किमतींचा, सांधण्याच्या कौशल्याचा आणि नंतरच्या वापराचा इतिहास साठविलेला असतो. उद्याच्या कामाची हमीही त्यांतच असते. माथा कापून टाकणारा मनुष्य इतिहासाचा पुरावा नष्ट करतो आणि त्याच क्रियेने आपले हत्यारही निकामी करतो. एकाच साक्षीवर विसंबू नये, प्रत्येक साक्ष दुसरीशी ताडून पाहावी आणि साधनाला हात लावण्यापूर्वी ते वाचून घ्यावे, ही इतिहाससंशोधनातील शिस्त शिकाऊ लोहाराला म्हणूनच पहिल्या खरेदीपासून आवश्यक ठरते. घडीव ऐरणी तयार करणारे ते जुने कारखाने आता उरलेले नाहीत. त्यांचा जो माल आज शिल्लक आहे, त्यातील एकेक नग घाईच्या दुरुस्तीने कमी होतो, आणि ही घट भरून निघण्याजोगी नाही.